किडनीची गाठ कोणत्या जातीची?

दोन रुग्णांच्या किडनीत प्रत्येकी अडीच सेंटिमीटरची गाठ स्कॅनमध्ये दिसली आहे असे धरू. दोघांच्याही घराण्यात किडनीचा कर्करोग पूर्वी होऊन गेलेला. पहिल्याला फॉन हिप्पेल-लिंडाऊ नावाचा आनुवंशिक आजार आहे. त्याला डॉक्टर सांगतील, गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत थांबू, अधूनमधून स्कॅन करत राहू, किडनी शक्य तितकी वाचवू. दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत फ्युमरेट हायड्रेटेज हे एन्झाइमच उरलेले नाही. तिथे थांबायचे नसते, कारण हा कर्करोग गाठ लहान असतानाच लसिकाग्रंथींपर्यंत पोचू शकतो; शस्त्रक्रिया लगेच आणि भोवतालचा पुरेसा भाग घेऊनच करावी लागते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मार्स्टन लाइनहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घराण्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्यातून हा तीन सेंटिमीटरचा नियम बसला आणि त्याचा हा अपवादही.

अवयव तोच, आकार तोच, आणि सल्ला मात्र उलटा. जगात दरवर्षी सव्वाचार लाखांहून अधिक लोकांना किडनीचा कर्करोग झाल्याचे निदान होते, आणि त्यातल्या बहुतेकांच्या रिपोर्टवर गाठीची जात लिहिलेली असते. ती जात ठरवण्याच्या पद्धती गेल्या तीस-चाळीस वर्षांत फार बदलल्या. पूर्वी पेशी दिसते कशी यावर सगळे ठरायचे. आता पेशीत कोणते जनुक बिघडले, कोणते प्रथिन गायब झाले, गुणसूत्राचा कोणता तुकडा हरवला याला वजन आले आहे. या सगळ्या चाचण्यांपैकी रुग्णाच्या पदरात खरोखर काही टाकतात त्या कोणत्या, आणि अजून प्रयोगशाळेतच आहेत त्या कोणत्या, हे एकदा नीट पाहायला हवे.

नुसत्या रूपावर विसंबल्याने काय होते याचे उदाहरण या विषयाच्या आरंभीच आहे. १८८३ मध्ये पाउल ग्राविट्झ या जर्मन पॅथॉलॉजिस्टने किडनीतल्या पिवळसर, चरबीयुक्त गाठी पाहिल्या. त्या त्याला अधिवृक्क ग्रंथीसारख्या वाटल्या, म्हणून त्या ग्रंथीचे कण किडनीत अडकून राहतात आणि त्यांतून गाठ होते असे त्याने मांडले. ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. १९६० मध्ये ओबरलिंग आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी तपासल्या, तेव्हा त्या किडनीच्याच मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींशी जुळल्या. पाऊणशे वर्षे गाठीचे कूळच चुकीचे सांगितले जात होते.

तरीही सूक्ष्मदर्शकाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. आजही बहुतेक गाठींचे निदान गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या साध्या स्लाइडवरच होते, आणि ते बरोबर असते. सुमारे ७० ते ७५ टक्के कर्करोग क्लिअर सेल प्रकाराचे. पेशीतले ग्लायकोजेन आणि चरबी स्लाइड तयार करताना विरघळून जातात, म्हणून पेशी रिकामी, काचेसारखी दिसते. त्यानंतर पॅपिलरी, साधारण १० ते १५ टक्के. मग क्रोमोफोब, जेमतेम ५ टक्के. हा प्रकार १९८५ मध्ये थोनेस आणि सहकाऱ्यांनी माणसात प्रथम वेगळा काढला. आणि ऑन्कोसायटोमा ही निरुपद्रवी गाठ, जिच्याकडे क्लाइन आणि व्हॅलेन्सी यांच्या १९७६ च्या लेखाने सगळ्यांचे लक्ष वेधले. गंमत अशी की ही चार नावे रूपावरून पडली, पण नंतर गुणसूत्रे तपासली तर प्रत्येकाची जनुकीय खूण वेगळीच निघाली. क्लिअर सेलमध्ये ३ क्रमांकाच्या गुणसूत्राची आखूड भुजा हरवलेली. पॅपिलरीत ७ आणि १७ क्रमांकाची गुणसूत्रे जादा, पुरुषांत वाय गुणसूत्र गायब. क्रोमोफोबमध्ये १, २, ६, १०, १३, १७ अशी अख्खी गुणसूत्रेच कमी. १९९७ च्या हायडेलबर्ग वर्गीकरणाने ग्युला कोव्हाच यांच्या पुढाकाराने हाच जनुकीय पाया उघडपणे स्वीकारला. रेणूंवर आधारलेले वर्गीकरण ही काल-परवाची टूम नाही.

क्लिअर सेलची कथा तर वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत सुसंगत कथांपैकी एक आहे. १९७९ मध्ये एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या किडनीचा कर्करोग होत असल्याचे आणि त्या सर्व रुग्णांत ३ आणि ८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल असल्याचे प्रसिद्ध झाले. संशोधकांची नजर ३ क्रमांकावर खिळली. १९९३ मध्ये तिथेच फॉन हिप्पेल-लिंडाऊ आजाराचे व्हीएचएल जनुक सापडले. त्याचे प्रथिन एचआयएफ नावाच्या घटकावर खूण करते आणि तो नष्ट होतो. ऑक्सिजन कमी पडला तरच एचआयएफ टिकतो आणि नव्या रक्तवाहिन्या मागवतो. व्हीएचएल बिघडले की पेशीला सतत गुदमरल्याचा भास होतो आणि रक्तवाहिन्या वाढतच राहतात. ऑक्सिजनची जाणीव पेशीला कशी होते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे सुनिटिनिब २००६ पासून वापरात आहे, आणि थेट एचआयएफ-२ ला अडवणाऱ्या बेलझुटिफानला अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएल आजारासाठी, २०२३ मध्ये पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. कुटुंबापासून गुणसूत्र, गुणसूत्रापासून जनुक, जनुकापासून गोळी.

पण याच कथेतला एक धडा वर्गीकरणाच्या दृष्टीने अडचणीचा आहे. व्हीएचएलचा बिघाड जवळपास सगळ्याच क्लिअर सेल गाठींत असतो, त्यामुळे एक क्लिअर सेल दुसरीपेक्षा वेगळी का वागते हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्याच भुजेवरच्या इतर जनुकांकडे जावे लागले. २०११ मध्ये पीबीआरएम१ सापडले, साधारण ४० टक्के गाठींत बिघडलेले. बॅप१ त्याहून कमी गाठींत, पण तिथे पेशी उग्र दिसतात आणि रुग्णाची वाटचाल बिकट होते. हे दोन्ही बिघाड एकाच गाठीत क्वचितच भेटतात. म्हणजे क्लिअर सेल या एका नावाखाली किमान दोन वेगळे रस्ते आहेत.

आता आरंभी उल्लेख केलेल्या फ्युमरेट हायड्रेटेजकडे येतो, कारण रेणूंच्या चाचणीचे मोल इथे सर्वांत स्वच्छ दिसते. हे एन्झाइम पेशीच्या ऊर्जाचक्रातली एक पायरी चालवते. ते बनवणारे एफएच जनुक १ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. २००२ मध्ये त्याचा किडनीच्या या आनुवंशिक कर्करोगाशी संबंध लागला. एन्झाइम नसले की फ्युमरेट साचत जाते, आणि ते पेशीतल्या इतर प्रथिनांना चिकटते. पॅथॉलॉजिस्टकडे ते ओळखायला दोन स्टेन, म्हणजे स्लाइडवर रंग उठवणाऱ्या चाचण्या, आहेत. एक एफएचचा: निरोगी पेशीत तपकिरी ठिपके उठतात, गाठीच्या पेशी कोऱ्या राहतात. दुसरा टूएससीचा: साचलेल्या फ्युमरेटने प्रथिनांत केलेला बदल तो दाखवतो, त्यामुळे इथे उलटे, गाठ रंगते आणि निरोगी भाग कोरा. पहिला स्टेन एकट्याने पुरत नाही. काही रुग्णांत जनुकात एका अक्षराचा फरक असतो, प्रथिन बनते पण काम करत नाही. स्टेन त्याला हजर म्हणून मोजतो. तेव्हा दुसऱ्या स्टेनने चोरी पकडली जाते.

अशी स्लाइड वाचताना आधी गाठीकडे पाहायचेच नसते. आधी रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडे, मग शेजारच्या निरोगी मूत्रनलिकांकडे. तिथे रंग उठला असेल तरच गाठीतल्या कोरेपणाला अर्थ आहे. तिथेही कोरे असेल तर स्टेनच बिघडला आहे, किंवा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये वेळेत पडला नव्हता. एसडीएचबीच्या स्टेनलाही हीच शिस्त लागते. सक्सिनेट डिहायड्रोजिनेज हे चार घटकांचे एन्झाइम. त्यातला कोणताही एक घटक निकामी झाला तरी बी घटक टिकत नाही, म्हणून एकाच स्टेनमध्ये चारही जनुकांची चौकशी होते. एका स्लाइडच्या खर्चात एवढी माहिती देणाऱ्या चाचण्या वैद्यकात फार नाहीत.

आणि या निदानाचा परिणाम एका रुग्णापाशी थांबत नाही. एफएचचा बिघाड बहुतेकदा आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असतो. घरातल्या बायकांना तरुणपणीच गर्भाशयात मोठाल्या, अनेक फायब्रॉइड गाठी झालेल्या असतात, विशीत-तिशीत गर्भाशय काढलेले असते, आणि ते ‘आमच्याकडे असतेच’ म्हणून विसरले गेलेले असते. किडनीची गाठ ओळखली गेली की बहिणी, मुलीबाळी, भाऊ, सगळ्यांची रक्ततपासणी करता येते आणि ज्यांच्यात बिघाड आहे त्यांचे वर्षाला एमआरआय करता येते. पॅथॉलॉजिस्टने जुन्या सवयीने ‘पॅपिलरी, टाइप २’ एवढेच लिहिले, तर हे काहीच घडत नाही. १९९७ मध्ये डेलाहंट आणि एबल यांनी केलेली पॅपिलरीची टाइप १ आणि टाइप २ ही विभागणी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात सोडून दिली, ती याचसाठी. टाइप २ ही एक जात नव्हती. तिच्यात अनेक वेगळे आजार कोंबलेले होते, आणि एफएचचा हा कर्करोग त्यांतलाच एक.

त्याच २०२२ च्या आवृत्तीत रेणूंवरूनच ज्यांची व्याख्या होते अशा कर्करोगांचा स्वतंत्र गट आला. टीएफई३, टीएफईबी, ईएलओसी, एफएच, एसडीएच, एएलके आणि एसएमएआरसीबी१ या नावांनी. काहींना ही यादी फार लांब वाटते. मला ती योग्य वाटते, एका अटीवर: नाव वेगळे पडले की रुग्णासाठी काहीतरी वेगळे व्हायला हवे. एफएचमध्ये ते होते. ईएलओसीमध्ये अजून फारसे होत नाही.

टीएफई३ ची गोष्ट पद्धतीच्या मर्यादा शिकवते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते तुटून दुसऱ्या एखाद्या जनुकाला जोडले गेले की कर्करोग होतो. मुलांच्या आणि तरुणांच्या किडनीच्या कर्करोगात याचा वाटा मोठा असतो. तपासायला ‘फिश’ चाचणी वापरतात. जनुकाच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा चमकणारा धागा लावायचा. जनुक शाबूत असेल तर दोन्ही ठिपके एकत्र येऊन पिवळे दिसतात, तुटले असेल तर लाल आणि हिरवा दूर सरकतात. पुरुषाच्या पेशीत एक्स एकच, म्हणून फक्त फुटलेली जोडी दिसते; स्त्रीच्या पेशीत एक जोडी शाबूत, एक फुटलेली. वाचायला सोपे. पण जोडीदार जनुक जर आरबीएम१० असेल, तर ते त्याच भुजेवर, शेजारीच बसलेले आहे. तुकडा जागच्या जागी उलटतो, लाल आणि हिरवा ठिपका इतके थोडे सरकतात की डोळ्याला ते चिकटलेलेच वाटतात. रिपोर्ट येतो ‘निगेटिव्ह’. अशा वेळी आरएनएचे सिक्वेन्सिंग करावे लागते, कारण त्यात दोन जनुकांचा जोडलेला मजकूरच वाचता येतो. वय कमी, पेशींचे रूप संशयास्पद, आणि ‘फिश’ निगेटिव्ह, तर रूपावर विश्वास ठेवून पुढे जावे. यंत्राने नाही म्हटले म्हणून डोळ्यांनी पाहिलेले खोडून काढू नये.

गुलाबी पेशींच्या गाठी हा या क्षेत्रातला सगळ्यात गढूळ भाग. ऑन्कोसायटोमा निरुपद्रवी, क्रोमोफोब हा कर्करोग, आणि दोन्ही गुलाबी, दोन्ही मूत्रनलिकांच्या शेवटच्या भागातल्या एकाच प्रकारच्या पेशींशी नाते सांगणाऱ्या. चार सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेल्या गाठींपैकी जवळपास २० टक्के निरुपद्रवी निघतात; म्हणजे सुईने काढलेल्या बारीक तुकड्यावर फरक ओळखता आला तर कित्येक शस्त्रक्रिया टळतील. सीके७ आणि सीडी११७ हे स्टेन मदत करतात. गुणसूत्रांची मोजणी अधिक मदत करते: क्रोमोफोबमध्ये अनेक गुणसूत्रे गेलेली, ऑन्कोसायटोमात बहुधा १ क्रमांकाचा तुकडा किंवा वाय, नाहीतर ११ क्रमांकावर सायक्लिन डी१ पाशी तुटलेले. डीएनएवर मिथाइल गट कुठे बसले आहेत याचा नकाशाही दोघांना बऱ्यापैकी वेगळे करतो. दरम्यान याच गठ्ठ्यातून टीएससी आणि एमटॉर जनुकांच्या बिघाडाच्या आणखी काही गाठी वेगळ्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक शांत स्वभावाच्या. या भागात नावे अजून बदलत राहतील, आणि बारीक बायोप्सीवर ‘ऑन्कोसायटिक गाठ, बहुधा मंद’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट योग्यच करतो.

एवढे सगळे तपासले तरी एक मूलभूत पेच उरतो: गाठीचा कोणता तुकडा तपासला? २०१२ मध्ये लंडनच्या गटाने एकाच गाठीच्या अनेक भागांचे सिक्वेन्सिंग केले. साधारण दोन तृतीयांश बिघाड सगळ्या भागांत सापडलेच नाहीत. एका कोपऱ्यातून घेतलेली सुई गाठीचे सगळे सांगत नाही. २०१८ मध्ये त्यांच्याच ट्रेसर-एक्स रीनल प्रकल्पातून १०१ रुग्णांच्या गाठींचा उत्क्रांतीचा आलेख आला. त्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही की क्लिअर सेलमध्ये ३ क्रमांकाची भुजा हरवण्याची पहिली घटना बऱ्याच रुग्णांत बालपणी किंवा किशोरवयातच घडून गेलेली असते. साठाव्या वर्षी सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठीचे मूळ शाळेच्या वयात रुजलेले. सुदैव इतकेच की जात ठरवणारा हा पहिला बिघाड गाठीच्या प्रत्येक कोपऱ्यात असतो. त्यामुळे गाठ कोणती हे एका तुकड्यावरून सांगता येते. ती पुढे कशी वागेल हे मात्र सांगता येत नाही.

वागणूक सांगण्यासाठी जनुकांच्या हालचालीचे, म्हणजे कोणती जनुके किती बोलकी आहेत याचे, गट पाडण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने २०१३ मध्ये क्लिअर सेल, २०१४ मध्ये क्रोमोफोब आणि २०१६ मध्ये पॅपिलरीचे मोठे नकाशे दिले. २०२० मध्ये आयमोशन-१५१ या औषधचाचणीतल्या ८२३ गाठींचे सात गट पाडले गेले; रक्तवाहिन्यांनी समृद्ध गटांना सुनिटिनिबचा चांगला उपयोग झाला, प्रतिकारपेशींनी भरलेल्या गटांना प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा. फ्रान्सच्या बायोनिक चाचणीत तर गट आधी ठरवून मग औषध दिले गेले. दिशा बरोबर आहे. पण प्रत्येक संशोधनगटाचे गट वेगळे, सीमारेषा वेगळ्या, आणि एका रुग्णाचा रिपोर्ट दोन प्रयोगशाळांत एकच येईल याची हमी नाही. पॅपिलरीत तर २०२१ च्या पॅपमेट चाचणीत मेट जनुक न तपासताच दिलेले कॅबोझँटिनिब सुनिटिनिबपेक्षा सरस ठरले, आजार आटोक्यात राहण्याचा काळ ५.६ महिन्यांवरून ९ महिन्यांवर गेला. म्हणून आज एखाद्या रुग्णाने स्वतःच्या खिशातून पैसे घालून जनुकांच्या हालचालीची महागडी चाचणी करावी, असे मी म्हणणार नाही.

खर्च करायचाच असेल तर तो खालच्या पायरीवर व्हावा. काढलेली किडनी लगेच चिरून १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे, हे काम कोणत्याही तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरात होऊ शकते. अख्खी किडनी तशीच डब्यात बुडवली तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही, मधला भाग कुजतो, स्टेन फसतात. फार दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या तुकड्यातला डीएनए तुटतो आणि त्यात नसलेले बिघाड दिसू लागतात. जिल्ह्यातून नातेवाईक मेणाचे ब्लॉक पिशवीत घालून मुंबई-पुण्याच्या केंद्रात दुसऱ्या मतासाठी येतात, तेव्हा पुढची प्रत्येक चाचणी त्या पहिल्या तासावर अवलंबून असते. आणि एफएच व एसडीएचबी हे दोन स्टेन किडनीच्या गाठी पाहणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेत असावेत. चाळिशीच्या आतला रुग्ण, दोन्ही किडन्यांत गाठी, घराण्यात इतिहास किंवा रूप कुठल्याच साच्यात न बसणारे, यांपैकी एक जरी असेल तरी ते आपोआप लावले जावेत.

महाराष्ट्राशी थेट नाते असलेली जात २०२२ च्या त्या यादीतली शेवटची. एसएमएआरसीबी१ प्रथिन हरवलेला मेड्युलरी कर्करोग जवळजवळ फक्त सिकलसेलचा वाहक असलेल्या तरुणांत होतो, बहुधा उजव्या किडनीत. त्याचे वर्णन १९९५ मध्ये अमेरिकेत झाले आणि बहुतेक रुग्ण आफ्रिकी वंशाचे नोंदले गेले आहेत. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. अशा तरुणाच्या लघवीत रक्त आले तर कारण बहुतेक वेळा किडनीच्या आतल्या टोकांशी रक्तपुरवठा अडल्याचेच असते, कर्करोगाचे नव्हे. घाबरवण्याचे कारण नाही. पण सोनोग्राफीत गाठ दिसली आणि ती किडनीच्या मध्यभागी असली, तर एसएमएआरसीबी१ प्रथिन शोधणारा आयएनआय१ चा स्टेन मागवायलाच हवा. हा स्टेन लहान मुलांच्या गाठींसाठी अनेक प्रयोगशाळांत आधीपासून आहे. मेड्युलरी कर्करोगात नेहमीच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्तीची औषधे फार कामी येत नाहीत, प्लॅटिनमवर आधारलेली केमोथेरपी लागते आणि ती उशीर न करता लागते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होऊन वाहकांना कार्डे दिली जात आहेत. त्या कार्डावरची नोंद बायोप्सीच्या मागणीपत्रकावर उतरली, तर पॅथॉलॉजिस्टला कोणता स्टेन आधी लावायचा हे स्लाइड पाहण्यापूर्वीच कळेल.